समुद्र रिता होतो कसा? (न्यूफाउंडलंडच्या मासेमारीची पाचशे वर्षे)

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक भगिनींची सूचना आली, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादी पराक्रमी राणी किंवा संत कवयित्री असावी. मी माशांवर लिहिणार असल्याचे सांगितले तेव्हा काही जणी हसल्या आणि एका शाकाहारी मैत्रिणीने तर नाकाला पदर लावला. परंतु शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकवल्यावर माझे असे मत झाले आहे की, लढायांच्या सनावळ्यांपेक्षा लोक काय खात होते, ते कोठून येत होते आणि त्यात कोणाचे पोट भरत होते, हे विचारले म्हणजे इतिहास अधिक उमगतो. शिवाय आपली वस्ती समुद्रापासून लांब नाही. आपल्यापैकी निम्म्या घरांत आठवड्यातून दोनदा तरी म्हावरं शिजते. तेव्हा ज्या समुद्रात एके काळी टोपली बुडवावी आणि मासे काढावे अशी स्थिती होती, तो समुद्र माणसांनी कसा रिता केला, याची हकीकत आपण समजून घेणे अगदीच अस्थानी होणार नाही.

ही हकीकत आहे अटलांटिक महासागरातील न्यूफाउंडलंड या बेटाची. आज ते कॅनडा देशाचा भाग आहे. सन १४९७ मध्ये जॉन कॅबट नावाचा इटालियन दर्यावर्दी इंग्लंडच्या ब्रिस्टल बंदरातून पश्चिमेकडे निघाला आणि त्या किनाऱ्याला पोहोचला. सोने व मसाले काही त्याला मिळाले नाहीत. परंतु तेथला समुद्र माशांनी इतका भरलेला आहे की, जाळ्याचीही गरज नाही, टोपलीत दगड घालून ती पाण्यात सोडली तरी मासे येतात, असे वर्णन त्याच्या माणसांनी परत येऊन केले. लंडनमधील मिलानच्या वकिलाने ते आपल्या धन्याला पत्राने कळवले. हा मासा म्हणजे कॉड. उत्तरेकडून येणारा लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा उष्ण प्रवाह तेथे उथळ पाण्यावर एकमेकांना भेटतात. त्यामुळे सूक्ष्म जीवांची समृद्धी होते, त्यांवर लहान मासे पोसतात आणि लहान माशांवर कॉड पोसतो.

कॉड हा चरबी कमी असलेला मासा. मीठ लावून वाळवला की तो महिनोन् महिने टिकतो. युरोपात उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य परंतु मासा चाले, त्यामुळे पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, इंग्लंड अशा सर्व देशांची गलबते दर उन्हाळ्यात तिकडे धावू लागली. पुढे इंग्रज व आयरिश कुटुंबे त्या बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर स्थायिक झाली. पुरुष होडीतून मासे आणत आणि किनाऱ्यावरचे काम बायकांकडे असे. मासा चिरणे, मीठ लावणे, धुणे आणि लाकडी मांडवांवर पसरून वाळवणे हे ते काम. सकाळी पसरायचा, दिवसातून परतायचा, संध्याकाळी रचून ठेवायचा, पावसाचा थेंब दिसला की धावत जाऊन झाकायचा. ऊन कमी पडले तर मासा बुरसे आणि अधिक झाले तर करपे. हे वाचताना आपल्याकडे बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगणाऱ्या कोळणी डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. हजारो मैलांच्या अंतरावर दोन समाज एकमेकांस न ओळखता तेच कष्ट तशाच रीतीने करीत होते.

या कष्टांचे मोल काय मिळत असे? मासे घेणारा व्यापारी तोच दुकानदारही असे. हंगामाच्या आरंभी तो पीठ, मीठ, सूत, कापड उधारीवर देई आणि हंगाम संपला की वाळवलेला मासा घेऊन हिशेब मांडी. मालाची प्रत तोच ठरवी, भाव तोच ठरवी आणि उधारीचा भावही त्याचाच. कित्येक कुटुंबांच्या हाती वर्षभरात रोख पैसा येतच नसे. सावकारी पाश कसा असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. इतके असूनही एक गोष्ट खरी की, ही गरिबी साडेचार शतके टिकली आणि तिच्याबरोबर मासाही टिकला. १९५० च्या आधी या भागातील उत्तरेकडच्या कॉडची पकड वर्षाला तीन लाख टनांच्या आत असे आणि दुसऱ्या वर्षी समुद्र पुन्हा भरलेला असे.

मासा का टिकला? माणसे फार संयमी होती म्हणून नव्हे. निसर्गानेच समुद्राला कुलूप लावून ठेवले होते म्हणून. उन्हाळ्यात कॉड आपल्या भक्ष्यामागे किनाऱ्याजवळ येई, तेव्हा होडीवाल्यांना तो सापडे. हिवाळ्यात तो दूर खोल पाण्यात जाई. तेथेच त्याची वीण होई. त्या काळात तिकडे बर्फ, वादळे आणि अंधार यांचे राज्य असल्याने लहान होड्यांची तेथे जाण्याची छाती नव्हती. कॉडची मादी वयात यायलाच पाच-सात वर्षे लागतात. थोराड मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. या थोराड माद्या त्या बर्फाच्या कुलपाआड सुरक्षित राहत, म्हणून दर साल नवी पिढी येई.

१९५४ साली या कुलपाची किल्ली माणसाच्या हाती आली. त्या वर्षी 'फेअरट्राय' नावाचे ब्रिटिश जहाज कामाला लागले. सुमारे २८० फूट लांबीचे हे जहाज म्हणजे तरंगता कारखानाच होता. मागील उतारावरून अजस्र जाळे वर ओढायचे, जहाजावरच मासा सोलायचा, त्याचे तुकडे करायचे आणि तेथेच गोठवायचे. उरल्यासुरल्याची भुकटी करायची. बंदरात परत जाण्याची घाई नाही, वादळाची फारशी भीती नाही, रात्र नाही की दिवस नाही. लवकरच सोव्हिएट रशिया, जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल इत्यादी देशांची तशीच जहाजे आली. विणीच्या हंगामात, विणीच्याच जागेवर, ती जाळी फिरवू लागली. १९६८ साली उत्तरेकडच्या कॉडची पकड ८ लाख १० हजार टनांवर गेली. जगाला वाटले की, विज्ञानाने भूक जिंकली. दहा वर्षांनी, १९७८ साली, हीच पकड दीड लाख टनांच्याही खाली आली होती.

आता योगायोग पाहा. ज्या १९५४ साली 'फेअरट्राय' समुद्रात उतरले, त्याच साली एच. स्कॉट गॉर्डन या कॅनडातीलच अर्थशास्त्रज्ञाने मासेमारीच्या अर्थकारणावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला सिद्धान्त जड वाटला तरी आपल्या घरखर्चाच्या वहीत मावेल इतका सोपा आहे. समजा, एका खाडीत १० होड्या मासे धरतात. प्रत्येकीला दिवसाला १०० रुपयांचा मासा मिळतो आणि खर्च ६० रुपये येतो. म्हणजे दर होडीस ४० आणि सर्वांस मिळून ४०० रुपये नफा. हा नफा पाहून आणखी होड्या येतात. मासे मात्र तेवढेच, त्यामुळे १५ होड्यांना मिळून १५०० रुपयांचा नव्हे तर १०५० रुपयांचा मासा मिळतो. दर होडीला ७० रुपये. खर्च वजा जाता १० रुपये उरतात, म्हणून अजूनही नवी होडी येते. १८ होड्या झाल्या की एकूण मासा १०८० रुपयांचा, म्हणजे दर होडीस ६० रुपये आणि खर्चही ६०. नफा शून्य! एकूण मासा फक्त ८० रुपयांनी वाढला आणि ४०० रुपयांचा नफा पाण्यात गेला. यात कोणीही चोरी केलेली नाही, कोणी आळशी नाही. प्रत्येक नवा होडीवाला स्वतःपुरता योग्यच हिशेब करतो. आपल्यामुळे दुसऱ्याच्या जाळ्यात किती कमी पडले, एवढेच त्याच्या हिशेबात येत नाही. जे सर्वांचे असते त्याचा राखणदार कोणीच नसला तर कष्ट वाढतात आणि कमाई आटते, हे गॉर्डनने दाखवून दिले. त्यात सरकारने होडीला कर्ज आणि इंधनाला सवलत दिली की, नफा शून्य झाल्यावरही होड्या थांबत नाहीत. मग पाळी येते ती मुद्दलाची, म्हणजे अंडी घालणाऱ्या माशांची.

१९७७ च्या आरंभी कॅनडाने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या अखत्यारीत घेतला आणि परकी जहाजे बहुतांशी हटवली. आता आपलाच समुद्र, आपलाच मासा, असा उत्साह सर्वत्र पसरला. परंतु परक्यांनी सोडलेल्या जागी देशी कंपन्यांची मोठी जहाजे आली आणि किनाऱ्यावर मासे गोठवणारे नवे कारखाने उभे राहिले. किती मासा धरावा हे शास्त्रज्ञ सुचवीत आणि मंत्री ठरवीत. या गणितात एक मोठी चूक होती. मोठ्या जहाजांना ताशी किती मासा मिळतो, यावरून समुद्रात किती मासा आहे याचा अंदाज बांधला जाई. कणगीच्या तळाला भोक असले म्हणजे धान्याची धार शेवटपर्यंत सारखीच पडते, त्यावरून कणगी भरलेली आहे असे मानण्यासारखेच हे होते. उरलासुरला कॉड घोळक्याने एकत्र येई आणि ध्वनिलहरींची यंत्रे तो घोळका नेमका हुडकून काढीत. त्यामुळे साठा आटत असतानाही जाळी भरलेलीच निघत.

किनाऱ्यावरच्या होडीवाल्यांना मात्र सत्य दिसत होते. मासा कमी येतो, आकाराने लहान येतो, असे ते वर्षानुवर्षे सांगत होते. १९८६ साली त्यांच्या संघटनेने विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञांकडून स्वतंत्र अहवाल करवून घेतला आणि सरकारी अंदाज फुगवलेले असल्याचे त्यात निघाले. १९८९ च्या आरंभी सरकारी शास्त्रज्ञांचेही डोळे उघडले आणि त्यांनी पकड १ लाख २५ हजार टनांवर आणण्याचा सल्ला दिला. मंत्र्यांनी ती ठरवली २ लाख ३५ हजार टन. कारखाने बंद पडतील, लोक बेकार होतील, ही भीती त्यामागे होती आणि ती खोटीही नव्हती. परंतु थोड्यांची बेकारी टाळता टाळता सर्वांची बेकारी ओढवली.

२ जुलै १९९२ रोजी मंत्री जॉन क्रॉसबी यांनी उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केल्याचे जाहीर केले. हे मंत्री स्वतः न्यूफाउंडलंडचेच होते. प्रौढ कॉडचा साठा तोवर पूर्वीच्या एक टक्क्याच्या आसपास उतरला होता. एका घोषणेने सुमारे तीस हजार माणसांचे काम गेले. कॅनडाच्या इतिहासात एका दिवसात इतकी माणसे कधी बेकार झाली नव्हती. त्यात होडीवाले होते तशा कारखान्यातल्या पट्ट्यांशी उभ्या राहून मासा सोलणाऱ्या हजारो स्त्रियाही होत्या. सरकारी मदत मिळाली, परंतु तिची रक्कम पूर्वीच्या कमाईवर बेतलेली होती. ज्यांना वर्षातून थोडेच आठवडे काम मिळे, त्यांच्या पदरात कमी पडले, आणि अशांत बायका पुष्कळ होत्या. गावेच्या गावे ओस पडू लागली. पुढल्या दहा वर्षांत त्या प्रांताची लोकसंख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली. तरुण मुले कामासाठी दूर गेली आणि घरी म्हातारी माणसे उरली. कोकणातल्या घरांना हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

ही बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती. ती उठली २०२४ साली, तेव्हा ३२ वर्षे लोटली होती, आणि त्या वर्षी परवानगी मिळाली १८ हजार टनांची. १९६८ च्या पकडीचा तो पंचेचाळिसावा हिस्सा. इतक्यानेही घाई झाली, असे म्हणणारे जाणकार आहेत. मधल्या काळात कॉड नाहीसा झाल्याने खेकडे आणि कोळंबी वाढली. त्यांच्या निर्यातीने पैसाही चांगला आला. परंतु ज्यांच्याकडे परवाना त्यांचाच तो पैसा. कॉडइतकी माणसे त्या धंद्यात सामावली नाहीत. पैसा परत आला, गाव परत आले नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. आपल्याकडेही निसर्गाने समुद्राला कुलूप लावले होते आणि ते पावसाळ्याचे. शिडाच्या होडीने जेठ-आषाढात दर्यात उतरणे म्हणजे मरणाला बोलावणे. म्हणून होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात, आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहूनच पुन्हा समुद्रात उतरण्याची रीत पडली. याच दिवसांत कित्येक जातींच्या माशांची वीण होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी मदतीने होड्यांना यंत्रे बसली, मग ट्रॉलर आले, पुढे माशांच्या थव्याला सर्व बाजूंनी वेढणारी पर्ससीन जाळी आली. कोळ्यांचे जीव त्यामुळे वाचले, उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पावसाचे कुलूप यंत्राने उघडल्यावर ते कायद्याने लावणे भाग पडले. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला. २०१५ साली केंद्र सरकारने पश्चिम किनाऱ्यासाठी पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची ठरवून दिली. २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर कडक बंधने घातली. २०२३ साली पापलेट हा राज्यमासा ठरला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी शासनाने ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरणे आता गुन्हा आहे.

कायदे झाले, परंतु बाजारात काय दिसते? मी ज्या मावशींकडून मासे घेते, त्यांच्या पाटीत कधी कधी तळहाताएवढीही नसलेली पापलेटे वाट्याने मांडलेली असतात. एकदा त्याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी मला शांतपणे हिशेब ऐकवला. हे मासे त्या धरीत नाहीत, बंदरावर लिलावात जे मिळते ते घेतात. मोठे पापलेट हॉटेले आणि निर्यातवाले आधीच उचलतात आणि गिऱ्हाइकाला तर स्वस्तात पापलेट हवे असते. गॉर्डनच्या निबंधातला एकेक मुद्दा त्या बाईंच्या बोलण्यात होता. दोष एकट्या कोळणीचा नाही, एकट्या ट्रॉलरवाल्याचाही नाही. साखळीतला प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबर असतो आणि साखळी मात्र खोल पाण्यात घेऊन जाते.

मग यातून सुटका नाहीच काय? आहे, आणि ती दाखवून देणारी एक स्त्री आहे, हे महिला मंडळाच्या अंकात आवर्जून सांगावयास हवे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने जगभरच्या सामाईक मालमत्तांचा, म्हणजे कुरणे, पाटबंधारे, जंगले आणि मासेमारीच्या जागा यांचा अभ्यास केला. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्या ग्रंथात तिने तुर्कस्तानातील आलान्या गावाचे उदाहरण दिले आहे. तेथे सुमारे शंभर मच्छीमार. चांगल्या जागेवरून रोज भांडणे होत. अखेर त्यांनी मासेमारीच्या सर्व जागांची यादी केली. दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एक जागा मिळे आणि रोज प्रत्येक जण एक एक जागा पूर्वेकडे सरके. जानेवारीनंतर तोच क्रम पश्चिमेकडे. त्यामुळे चांगली जागा सर्वांना पाळीपाळीने मिळे. कोणी पाळी मोडली तर ज्याची पाळी तोच हजर असल्याने चोरी लगेच उघडकीस येई. ना पोलीस, ना मोठा खर्च. ही रीत बसवायला त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला, पण ती त्यांनीच बसवली.

ऑस्ट्रॉमचे सांगणे थोडक्यात असे की, जे सर्वांचे आहे ते नष्ट होणारच असे नाही. वापरणाऱ्यांनी एकत्र बसून नियम केले, ते स्वतः पाळले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि सरकारने त्यांच्या नियमांना मान दिला, तर ते टिकते. न्यूफाउंडलंडला होडीवाल्यांचे म्हणणे वेळेवर ऐकले असते तर कदाचित तीस हजार चुली विझल्या नसत्या.

आपण काही होड्या चालवीत नाही. परंतु साखळीचे एक टोक आपल्या हाती आहे. पावसाळ्याच्या बंदीत ताज्या माशाचा आग्रह धरू नये, सुके बोंबील, सोडे, जवळा यांवर भागवावे, जसे आपल्या आज्या भागवीत. लहान पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये आणि आपण का घेत नाही हे मावशींना गोडीने सांगावे. एकीने सांगितले तर ते नखरे वाटतील, चाळीस जणींनी सांगितले तर लिलावापर्यंत ते पोहोचेल. पापलेट परवडत नसेल त्या दिवशी बांगडा, मांदेली घ्यावी. त्याने ताटाची शोभा काही कमी होत नाही.

मंडळ म्हणजे तरी काय? जे एकटीला जमत नाही ते मिळून करणे. भिशीचा नियम आपण कोणत्याही पोलिसाशिवाय पाळतो, कारण तो आपण केला आहे आणि पाळी प्रत्येकीची येणार आहे. समुद्राचीही एक भिशीच आहे. फरक इतकाच की, तिच्यात अजून जन्माला न आलेल्या नातवंडांचीही पाळी आहे. त्यांची पाळी येईल तेव्हा डबा रिकामा निघू नये, एवढी काळजी आपण घेऊ या. मंडळास वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेते.